वाफेनं भिजवलेली केळीची बाग

सन २०१८. तेव्हा मी अडुसष्ट वर्षांचा होतो. लातूरकडच्या मुरुडच्या घरात लेक, सून आणि जावई मिळून माझ्या मागं लागले होते की आता ते इंजिन भंगारात घाला आणि गपचिप घरी बसा. मी म्हणालो, "ते भंगारातूनच आणलंय. आल्या घरी परत कशाला धाडू?" एवढं बोलून ट्रॅक्टरमागं गाडा जोडला आणि दरसालप्रमाणं हळदीच्या हंगामाला नांदेडच्या वाटेला लागलो.

माझा धंदा काय, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. पण हा अंक लांब लांब जातो म्हणतात, म्हणून सांगतो. माझ्या गाड्यावर एक उभं बॉयलर, एक वाफेचं लहान इंजिन आणि पट्ट्यानं त्याला जोडलेला डायनामो असतो. बॉयलरखाली जाळ घालायचा. घरातल्या कुकरची शिट्टी जी ताकद उडवते, तीच ताकद इथं कोंडून धरायची आणि नळीतून इंजिनात सोडायची. ती दट्ट्याला ढकलते, दट्ट्या चाक फिरवतो, चाक डायनामो फिरवतं आणि बल्ब लागतो. यात न कळण्यासारखं काही नाही, पण लोक उगाच तोंड उघडं टाकून बघत राहतात, आणि बघत राहिले की मला बरं वाटतं. जाळायला शेतात पडलंय ते चालतं. पऱ्हाटी, तुराट्या, हळदीचा वाळला पाला. डिझेलच्या इंजिनाला डिझेलच पाहिजे, त्याचे लई नखरे. माझं इंजिन समोर येईल ते खातं.

माझी शाळा चौथीपर्यंत. लातूरला तेलाच्या गिरणीत बॉयलरवर लागलो. बॉयलर अटेंडंटची परीक्षा तोंडी झाली म्हणून पास झालो, लेखी असती तर आजही शेंगदाण्याची पोतीच उचलत बसलो असतो. हे लहान इंजिन त्या गिरणीतले दिवे लावायचं. पुढं लाईट आली, इंजिन कोपऱ्यात गेलं. मग गिरणीच बंद पडली आणि इंजिन भंगारवाल्याच्या दारात. मी जाऊन त्याच्यावर बसलो. भंगारवाला म्हणाला, "उठा, तोलायचंय." मी म्हणालो, "तोल की. माझ्यासकट तोल." अशी आमची दोघांची वरात घरी आली. बायकोनं दारातच विचारलं, "आन हे कुठं झोपणार?"

हळद काढली की शिजवावी लागते, नाहीतर नीट वाळत नाही. आता ती सगळीकडं वाफेवरच शिजवतात, मोठाल्या पिंपांत हळकुंडं भरायची आणि खालून वाफ सोडायची. म्हणून बॉयलर घेऊन शिवारोशिवार फिरणारे लई आहेत. पण हळद शिजता शिजता तिथंच लाईटही करून देणारा मी एकटा. एकानं माझ्याशी वाद घातला होता. म्हणे, इंजिनातून बाहेर पडलेली वाफ वाया काहून घालवता, तीच हळदीला द्या. मी म्हणालो, "त्या वाफेत इंजिनाचं तेल असतं. तुमची हळद कढीत पडली की घरात ट्रॅक्टर शिरल्यासारखा वास यील." तो ऐकेना. मी पण ऐकेना. शेवटी त्याच्या म्हाताऱ्या आईनं त्या वाफेवर एक हळकुंड धरलं, नाकाशी नेलं आणि लेकाच्या हातावर आपटलं. "घे. तूच खा."

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. मुरुडातल्या एकानं लेकीच्या लग्नात स्पीकर माझ्या इंजिनावर लावले, हौस म्हणून. वर आणखी हौस अशी की अक्षता पडल्या की बँडाच्या आधी इंजिनाचा भोंगा वाजला पाहिजे. वाजवला. नवरदेवाची घोडी मांडवाच्या दारातून सुटली ती थेट बाजारात. नवरदेव बिचारा आत उभा होता म्हणून वाचला. अजून त्या घरी गेलो की मला आधी पाणी देतात आणि मग विचारतात, भोंगा आणला नाही ना?

आणि इस्लापूरच्या वरच्या अंगाला एक वस्ती होती, तिथं तारच पोचली नव्हती. त्यांच्या पिठाच्या चक्कीला मोटर होती पण करंट नव्हता. मी नेऊन इंजिनाचा पट्टा सरळ चक्कीला लावला. आजूबाजूच्या बाया डोक्यावर ज्वारी घेऊन आल्या. एका म्हातारीनं इंजिनाच्या अंगाला लांबूनच हात केला आणि म्हणाली, "आगं माय, याला ताप आलाय की." मी म्हणालो, "आजी, याचा ताप उतरला तर तुमचं पीठ राहील." तिनं जाताना इंजिनासमोर पसाभर ज्वारी ठेवली. मी ती घरी नेली आणि तिची भाकरी खाल्ली. इंजिनाच्या वतीनं.

असो. सांगायचं होतं अठरा सालचं.

अर्धापूरच्या पलीकडं शेवंताबाई नावाच्या एका पस्तिशीतल्या बाईचं शेत होतं. नवरा नांदेडला नोकरीला, रविवारी यायचा. शेत बाई करायची आणि सासरे बापूराव बाजेवर बसून ते कसं चुकतंय हे सांगायचे. बापूराव माझ्याच वयाचे आणि माझ्यासारखेच, म्हणजे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. अर्ध्या रानात हळद होती, ती बापूरावांची. उरलेल्या अर्ध्यात बाईनं सासऱ्याचं न ऐकता केळी लावली होती. बापूरावांनी शपथ घातली होती की त्या बागेत पाय ठेवणार नाही. आणि बाग तर अशी आली होती की घडाच्या वजनानं झाडं वाकून नमस्कार करून राहिली होती. काढणीला थोडेच दिवस राहिले होते.

माझी हळद शिजवून होत आली होती, शेवटचं पिंप चढवलेलं. तेवढ्यात शिवारातून धाडकन आवाज आला आणि काळा धूर निघाला. डीपी जळाला. डीपी म्हणजे शिवारातला विजेचा ट्रान्सफॉर्मर. तो गेला की त्या तारेवरच्या सगळ्या विहिरींच्या मोटरी मेल्या. ऑफिसात विचारलं तर नंबर लावा म्हणाले, आधीचे बरेच आहेत.

महिना एप्रिलचा. केळीला त्या उन्हात रोज पाणी लागतं. पाणी तुटलं की खोड मऊ पडतं, मधेच मोडतं आणि घड जमिनीवर येतो. पडलेल्या घडाला व्यापारी हात लावत नाही. डिझेलचं इंजिन वरून ओढायला आणून बघितलं, पण विहीर खोल, पाणी वर येईना. भाड्याचा जनरेटर म्हणावं तर लगीनसराई, सगळे जनरेटर वरातीत नाचायला गेलेले. दोन दिवसांत पहिली दोन झाडं मोडली. शेवंताबाई त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली. मग माझ्याकडं आली.

"मामा, तुमच्या इंजिनावर आमची मोटर चालंल का?"

"चालंल!" मी म्हणालो.

माझी जीभ इंजिनापेक्षा फास्ट आहे. बोलून झाल्यावर मी विहिरीवर गेलो आणि मोटर किती घोड्यांची ते विचारलं. पाच घोड्यांची, विहिरीच्या तळाला पाण्यात बुडालेली. आजवर मी दिवे लावले होते, पंखे, स्पीकर, टीव्ही. चक्कीला सरळ पट्टा दिला होता. पण विहिरीच्या तळाशी पट्टा कसा देणार? तिथं करंटच गेला पाहिजे, आणि एवढी मोटर माझ्या करंटावर कधी फिरली नव्हती. पण शब्द तोंडातून गेला होता. पुढच्या नंबरवाल्याला फोन करून सांगितलं की तुमच्या हळदीला यायला उशीर होईल. त्यानं शिव्या दिल्या. त्या बरोबर होत्या.

अर्धापुराहून सलीम वायरमन आला. मोटरी बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्यानं माझा डायनामो बघितला, तीन फेजचा आहे म्हणाला आणि मान हलवली. "चाचा, चलाके देखते. मगर मोटर उठते वखत बहोत खाती."

बॉयलरला पाणी पाहिजे. शेवंताबाईनं विहिरीतून पोहऱ्यानं शेंदायला सुरुवात केली, मी हंडे वाहू लागलो. बापूराव बाजेवरून म्हणाले, "पाणी काढायला पाणी लागतं व्हय तुझ्या इंजिनाला?"

"लागतं."

"मंग हेच पाणी केळीला घातलं असतं तर चार झाडं भिजली असती, मिस्त्री."

"बापूराव, तुमी ह्या बागेत पाय ठिवत न्हाई ना? मंग जीभ काहून ठिवता?"

बॉयलरच्या दाबाचा काटा वर आला. मी इंजिन सोडलं, चांगलं पळू दिलं, डायनामो गुणगुणायला लागला, बल्ब झक्क पेटला. सलीमला खूण केली. त्यानं मोटर चालू केली. बल्ब एकदम लाल झाला, पट्टा किंचाळला, इंजिननं दोन उचक्या दिल्या आणि उभं राहिलं. विहिरीतून नुसती घूं ऐकू आली. सलीमनं झटकन खटका पाडला, नाहीतर मोटर जळाली असती.

पट्टा ताणला. पुन्हा तेच. पट्ट्याला राळ लावली, वाफ वाढवली, आणखी जोरात पळवलं. पुन्हा तेच, फक्त उचक्या जास्त. दिवस मावळला. बापूराव म्हणाले, "भोंगा तरी वाजीव, तेवढी करमणूक व्हईल." मी जेवलो नाही. त्या दिवशी आणखी तीन झाडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून परत तेच लावलं होतं. दुपारी शेवंताबाई भाकरी घेऊन आली. माझं कालपासूनचं चाललेलं ती बघत होतीच.

"मामा, एक इचारू का?"

"इचार."

"तुमी इंजिन आधी पळवता, आन मंग मोटर त्याच्या गळ्यात टाकता. आमी बैल उभा असतानी जू ठिवतो. पळत्या बैलावर कुणी जू टाकतं व्हय? बैलबी पडंल आन गाडीबी."

"बाई, इंजिन म्हंजी बैल न्हवं."

"न्हवं तर न्हवं. भाकरी खाऊन घ्या."

बापूराव बाजेवरून ओरडले, "ऐक तिचं, मिस्त्री! मी ऐकलं न्हाई तरी केळी लावून राहिलीच ती."

मला राग आला. ठेच्याबरोबर भाकरी चावत बसलो आणि जसजशी चावत गेलो तसतसा राग वाढत गेला, कारण बाईचं खरं होतं. डिझेलचं इंजिन उभ्या जागेवर ओढत नाही. त्याला आधी पळवावं लागतं, मग त्याच्यावर वजन टाकायचं. सगळं जग तेच बघत आलंय म्हणून सगळ्यांना तीच सवय. पण वाफेचं तसं नाही. वाफ उभ्या चाकालाही पूर्ण जोरानं ढकलते, जागेवरून उठतानाच तिचा खरा दम असतो. तेलाच्या गिरणीत मोठं इंजिन भरल्या घाण्यांसकट हळूहळू उठायचं, मी तिथं जन्म काढला होता! आणि इथं डिझेलवाल्यासारखा आधी पळवून मग ओझं टाकून राहिलो होतो.

उरलेली भाकरी तशीच फडक्यात गुंडाळली आणि सलीमकडं गेलो. ऐटीत म्हणालो, "सलीम, मला एक सुचलंय. मोटर आधीपासूनच डायनामोला जोडून ठिवू. दोघं उभे. मंग इंजिन हळूच उठवू. डायनामो जसा उठंल, तशी मोटर त्याच्यासंगं उठंल."

सलीम पाना पुसत हसला. "चाचा, भाभी बोली सो यां तक सुनने कू आया." म्हणजे बाईचं बोलणं त्याला तिथवर ऐकू गेलं होतं.

मग तोच गंभीर झाला. अडचण होती. डायनामो हळू फिरताना करंट धरत नाही, त्याच्या पोटातलं तारेचं गुंडाळं आधी चेतवावं लागतं. सलीम थोडा वेळ उकिडवा बसला, विडी पिली, उठला आणि माझ्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून घेऊन आला. बॅटरीनं डायनामोला जागं ठेवायचं, म्हणजे चाक मुंगीच्या पावलानं फिरलं तरी थोडा थोडा करंट निघेल. स्टार्टर बाजूला केला, तारा सरळ जोडल्या. "अब तुम, और तुमारा बैल," म्हणाला.

बॉयलरचा काटा वर चढला होता. शेजारच्या शेतातले लोक बांधावर जमले होते, त्यांच्याही बागा वाळत होत्या. मी वाफेची चाकी धरली. अशा वेळी माणसाला घाई करावीशी वाटते. मी केसभर फिरवली. इंजिननं श्वास घेतला. आणखी केसभर. चाक हललं. पट्टा हलला पण किंचाळला नाही. ठक... ठक... चाकाच्या आऱ्या एकेक मोजता येत होत्या. विहिरीतून आवाज आला. कालच्यासारखी आडून बसलेली घूं नव्हती ही, एक जाडसर गुणगुण होती, आणि इंजिन जसं चढत गेलं तशी तीही पायरी पायरीनं चढत गेली.

"उठ रही है," सलीम विहिरीत वाकून म्हणाला. "चाचा, उठ रही है! छोडना नक्को!"

मी सोडतो कशाला. इंजिन आता लयीत आलं होतं. बागेच्या तोंडाशी मोठ्या पाइपातून आधी नुसतीच हवा आली, मग खोकला, मग मातकट चूळ, मग एकदम पांढरंशुभ्र, मनगटाएवढं पाणी!

बांधावरची माणसं अशी ओरडली की इंजिन ऐकू येईना. शेवंताबाईनं पदर खोचला आणि ठिबकच्या नळ्या सोडायला बागेत पळाली. आणि बापूराव? बापूराव बाजेवरून उठले, धोतर आवरत आले आणि डोक्याच्या मुंडाशासकट त्या पाइपाखाली उभे राहिले. भिजत भिजत थेट सुनेच्या बागेत, चिखलात. मी ओरडलो, "बापूराव, पाय कुठं हायत तुमचे?"

"कुठं हायत?" म्हणाले. "मला न्हाई दिसत. चिखलात हायत."

मग त्यांनीच सांगितलं म्हणून मी भोंगा वाजवला. लांबच लांब. तिथं घोडी नव्हती.

दिवस मावळेपर्यंत पाणी चाललं. शेजारी आपणहून पऱ्हाटीच्या मोळ्या आणून टाकत होते, कारण त्यांचाही नंबर लागायचा होता. डीपी यायला पुढं बरेच दिवस लागले, तोवर त्या तारेवरच्या सगळ्या बागा आम्ही आळीपाळीनं भिजवल्या. शेवंताबाईची मोडली तेवढीच मोडली. बाकी घड वेळेवर उतरले, ट्रक भरला, आणि पहिला घड बापूरावांनी स्वतःच्या खांद्यावर वाहिला. कुणी बघितलं की म्हणायचे, माझी बाग.

आता त्या विहिरीवर सोलरच्या पाट्या लागल्यात. चांगल्या आहेत. जाळ नको, पाणी नको, माणूस नको. एवढंच की त्या आवाज करत नाहीत. पाणी आलं हे कळायला पाइपापाशी जाऊन बघावं लागतं. माझं इंजिन हळदीला अजून जातं, पण शिकायला कुणी येत नाही, याचं वाईट वाटतं. वाफेला हात लावून शिकावं लागतं, आणि आता लोकांना फोनमध्ये बघून शिकायचं असतं. बघोत बापडे.

पण पाणी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. पहाटे उठून मी बॉयलर पेटवलं. काटा चढला. बांधावर कालची माणसं परत आली होती, सलीमनं बॅटरी जोडली होती. मी शेवंताबाईला हाक मारली. ती शेणाचे हात धुऊन आली. मी तिचा हात धरून वाफेच्या चाकीवर ठेवला.

"मी?" म्हणाली. "मामा, मला कुठं येतं?"

"जू तूच ठिवलंस, आता हाकायचंबी तुलाच. केसभर फिरव. इंजिननं श्वास घेतला की थांब. मंग आणखी केसभर."

आणि मी तिथून निघालो. जन्मात पहिल्यांदा चालू बॉयलरकडं पाठ केली आणि लिंबाखाली बापूरावांच्या बाजेवर जाऊन बसलो, तोंड रस्त्याकडं करून. बापूरावांनी चहाचा कप पुढं केला. पहिला ठोका आला. दुसरा जरा उशिरा आला. बापूराव माझ्या तोंडाकडं बघत होते. मी वळलो नाही.

तिसरा ठोका बरोबर आला, चौथा त्याच्या मागोमाग, आणि मी बशीत चहा ओतला.